खुंटीवरची शॅकल

१

किसन घरत मेला मंगळवारी सकाळी, आणि शुक्रवार उजाडेपर्यंत त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच नावावर टाकून झाला होता.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात पंपाची मोटर चेनपुलीने वर उचलत असताना शॅकल तुटली. शॅकल म्हणजे घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली जाड पोलादी कडी, तोंडाशी आडवी पिन. सगळं वजन तिच्यावरच तोललेलं असतं. मोटर खाली आली, आणि खाली फिटर किसन होता.

साल अठ्ठ्याऐंशी. दिवाळी नुकतीच उलटली होती. कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट असलेली मालिनी देवस्थळी शुक्रवारी दुपारी टेबल आवरत होती, तेव्हा दारात किसनची बायको बकुळा येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं. हातात घडी घातलेला कागद.

"ताई, जरा वाचून दाखवता? माझ्यानं सगळं वाचवत नाय."

मालिनीने वाचलं. 'माझ्या पतीने कारखान्याची शॅकल न वापरता उल्हासनगरच्या बाजारातून स्वतः आणलेली हलक्या प्रतीची शॅकल वापरली. त्यामुळे अपघात घडला. यात कारखान्याचा कोणताही दोष नाही.' खाली सहीसाठी मोकळी रेघ.

"सही केली तर कॅन्टीनमध्ये काम देतो म्हणतात," बकुळा म्हणाली. "नाय केली तर काय नाय. भरपाई पण नाय, आणि खोली खाली करायची. सोमवारी सरकारी साहेब चौकशीला येणार, त्याच्या आत पायजे त्यांना."

"किसनने आणली होती शॅकल?"

"त्यांनी?" बकुळाचा आवाज चढला. "ताई, घरातला पेचकस बघा, पक्कड बघा. बोनस हातात पडला की टेकचंदच्या दुकानात जायचे. एक पाना घ्यायला अर्धा दिवस. उजेडात धरायचे, फिरवून बघायचे, परत ठेवायचे. मी म्हणायचे, मला बघायला आलात तेव्हा एवढं बघितलं नाय. आणि हा माणूस डोक्यावर मोटर टांगायला हलका माल आणेल?"

मालिनीने कागद परत दिला नाही. तिला राग आला की ती अधिकच हळू बोलत असे.

"शेवटी शेवटी कामाबद्दल काही बोलला होता का?"

बकुळा आठवू लागली. "खंडेनवमीला तणतणत आले. कारखान्यात हत्यारांची पूजा होती ना. पेढा पुडीतच राहिला, खाल्ला नाय. एवढंच म्हणाले, 'देवाला चालंल, मोटरला चालनार नाय.' मी विचारलं काय ते, तर भिंतीकडे तोंड करून झोपले."

"सही करू नका," मालिनी म्हणाली. "सोमवारी मी येते तुमच्याबरोबर."

बकुळा गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण शब्द दिला आहे, आणि हातात मात्र एका वाक्यापलीकडे काही नाही.

२

विष्णुपंत देखभाल विभागाचे प्रमुख. कारखान्याचा पाया खणला तेव्हापासूनचे. सगळे त्यांना पंत म्हणत, आणि मालिनीलाही त्यांच्याबद्दल आदर होता. शिव्या न देता काम करून घेणारा तो एकमेव साहेब होता. दरवर्षी त्यांच्या विभागाचा खर्च सगळ्यांत कमी, म्हणून मालकांच्या हातून त्यांना शाल मिळे.

"तुटलेली शॅकल? बघा की. लपवायचं काय त्यात?" त्यांनी खिशातून कपाटाची चावी काढली, सवयीने कपाळाला लावली आणि कुलूप उघडलं.

दोन तुकडे फडक्यात गुंडाळलेले होते. मालिनीने एक तुकडा खिडकीपाशी नेला. तुटलेलं तोंड दोन रंगांचं होतं. बराचसा भाग करडा, खडीसाखर फोडावी तसा कणीदार, चमकणारा. पण बाहेरच्या कडेकडून आत गेलेला नखाएवढा पट्टा मळकट पिवळा होता, आणि त्याच्यावर तेलाची तकाकी होती.

"हा पिवळा भाग कसला?"

"गंज. हलक्या मालाला आणखी काय असणार?"

गंज तिने आयुष्यात पुष्कळ पाहिला होता. तो तेलाखाली बसत नाही.

"पंत, हत्यारांची तुम्ही एवढी निगा राखता, आणि असं व्हावं..."

विष्णुपंतांना बरं वाटलेलं दिसलं. "निगा म्हणजे काय, आपलं अन्न आहे ते. खंडेनवमीला एकूण एक हत्यार पुसून, तेल लावून मांडून घेतो. हळदकुंकू मी स्वतः लावतो, माझ्या बोटाने. छिन्नीपासून चेनपुलीपर्यंत एक वस्तू सुटत नाही. विचारा कुणालाही."

तेवढ्यात खरेदी अधिकारी जयदेव आत आला. गॉगल कपाळावर, तोंडात बडीशेप.

"काय मॅडम, लॅब सोडून लोखंड?" तो हसला. "अहो, उल्हासनगरचा माल तो. मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हातात घेतला की तुटतो. किसन बिचारा चार पैसे वाचवायला गेला."

"तू पाहिलंस त्याला विकत घेताना?"

"पाहायला कशाला पाहिजे? दिवाळीनंतर टेकचंदच्या दुकानात गेला होता, सगळ्या फिटरांना माहितीये."

"आणि कारखान्याची शॅकल?"

विष्णुपंतांनीच उत्तर दिलं. "तीच तर गंमत आहे. आपली चांगली शॅकल स्टोअरमध्ये खुंटीवर आहे. जशीच्या तशी. जा, डोळ्यांनी बघून या."

ते इतक्या ठामपणे म्हणाले की मालिनीला पहिल्यांदाच शंका आली, किसननेच तर चूक केली नसेल?

३

स्टोअरच्या जाळीमागे दौलतराव बसले होते. बदलापूरजवळच्या गावातले, घरची भातशेती सांभाळून नोकरी करणारे. मालिनीला पाहून त्यांनी उगाचच तराजू पुसायला घेतला.

"शॅकल बघायची आहे."

"ती काय, वरच्या रांगेला." त्यांनी बोट केलं, पण त्या बाजूला बघितलं नाही.

भिंतभर खुंट्या होत्या, आणि खुंट्यांवर हत्यारं. मालिनीने आधी शेजारचा पाइप-पाना खाली घेतला. त्याच्या दात्यांमध्ये हळद सुकून बसली होती, मुठीवर कुंकवाचं बोट. हातोड्याच्या मानेवर तेच. चेनपुलीच्या हुकाला तेच, वंगणात मिसळून तांबूस झालेलं. दसरा होऊन बरेच दिवस लोटले होते, तरी सांदीकोपऱ्यांतून सण निघाला नव्हता.

मग तिने शॅकल घेतली. जड, भरीव, अंगावर कंपनीचा शिक्का खोल उमटलेला. उत्तम माल. तिने पिनेचे आटे सोडवून पाहिले, वाकणीत बोट फिरवलं. बोटाला स्वच्छ ग्रीस लागलं. बाकी काही नाही.

तिने शॅकल परत टांगली आणि बोट रुमालाला पुसलं.

"मंगळवारी किसनला सामान कुणी दिलं, दौलतराव?"

"मी नव्हतो ना बाय. भातकापणीला गावाला गेलेलो. बुधवारी आलो."

"मग चावी?"

"सायबांच्या कपाटात ठेवून जातो. पंतांच्या." मग घाईने, "तिथून कुनी पन घेतं. जयदेव सायब पन घेतात."

"तुम्ही परत आलात तेव्हा ही शॅकल इथेच होती?"

दौलतरावांचा हात तराजूवर थांबला. "होती."

"हीच?"

त्यांनी तराजू बाजूला सारला. मग म्हणाले, "बाय, माझी पोरगी लग्नाची हाय. मला काय विचारू नका."

मालिनी बाहेर पडली. गेटसमोर रिक्षात बसताना तिला कळलं की आपल्या मुठी आवळलेल्या आहेत. खुंटीवरचं खोटं तिला आता दिसत होतं. पण ते टांगलं कुणी? गॉगलवाल्याने? जाळीमागच्या भित्र्या माणसाने? ते तिला सांगू शकेल असा माणूस कारखान्याच्या कुंपणाबाहेर होता, आणि त्याच्यावरच सगळे हसत होते.

४

टेकचंदचं दुकान उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये. तीन गाळे तोडून एक केलेलं, आत शिरलं की संपायचंच नाही. दारात काथ्याचे आणि नायलॉनचे दोर भेंडोळी करून ठेवलेले, पुढे नळ, बिजागऱ्या, पोत्यांतून खिळे, आणि मागच्या भिंतीवर काचेआड पान्यांचे संच दागिन्यांसारखे मांडलेले. सुतार, प्लंबर, कारखान्यांचे खरेदीवाले, शहाडहून आलेले कामगार, सगळे एकाच वेळी ओरडत होते.

"बोलो बहेनजी, नळ पाहिजे? कंपनी का दूँ की लोकल?"

"शॅकल. मोटर उचलायची. लोकल दाखवा."

टेकचंदने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "लोकल नाही."

"सगळे म्हणतात तुमच्याकडे मिळते."

"कौन सगळे?" तो उसळला. "नळ लोकल देतो, कडी-कोयंडा लोकल देतो. तोंडावर सांगून देतो, की हे लोकल आहे, गळेल. लेकिन जिसके नीचे आदमी खडा रहता है, दोर, शॅकल, हूक, चेन, तो माल इस दुकान में लोकल कधी आलाच नाही. मेरे बाप का नियम है. मागायला आलात तर दुसरीकडे जा."

"किसन घरतने तुमच्याकडून लोकल शॅकल नेली, असं त्याच्या कंपनीत सांगतात. ती तुटून तो मेला."

टेकचंद स्टुलावर बसला.

"किसन? अंबरनाथवाला? वो... मर गया?"

बाजूचं गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, त्याला ऐकूच आलं नाही.

"दिवाळी के बाद आया था," तो शेवटी म्हणाला. "ये काचेतला रिंग-पान्याचा सेट पाहिला, निकाला, फिर रखा. बोला, टेकचंदशेठ, पुढच्या बोनसला. और वो मेरे यहाँ से लोकल शॅकल लेगा? किसन?" तो हसला, पण ते हसू नव्हतं. "हमारे ऊपर हँसो, ठीक आहे. उल्हासनगर का माल, हा हा. पण मेलेल्या माणसाला आमच्या नावाने गाडता?"

मालिनीला या माणसासमोर लाज वाटली. जयदेवच्या त्या विनोदाला तीही आजवर हसत आली होती. तो विनोद सगळ्यांना पाठ होता, म्हणून तर हे खोटं इतक्या लवकर खपलं.

"शेठजी, या आठवड्यात कारखान्याच्या कुणी चांगली शॅकल नेली का? खोल शिक्क्याची?"

"मंगळवारी. दोपहर को. एक साहब आए. एकच शॅकल, सबसे बढिया."

"कसे होते? गॉगल लावलेले?"

"सूरत नहीं याद. इतनी भीड." टेकचंदने चष्मा वर सरकवला. "पण एक बात. माझ्याकडे लोक माल घेतात तर ठोकतात, घासतात, वजन करतात. उसने हातात घेतली, माथे को लगाई. प्रसाद घेतात ना, वैसे. मी मनात म्हणालो, हा लोखंड खरेदी करतो की दर्शन घेतो?"

दुकानातला गोंगाट मालिनीला एकदम दूर गेल्यासारखा वाटला.

"सोमवारी अंबरनाथला याल?" तिने विचारलं. "एवढंच सांगायला?"

टेकचंदने भिंतीवरच्या त्या पान्यांच्या संचाकडे पाहिलं. "दुकान बेटा बघेल," तो म्हणाला.

५

सोमवारी कारखाना-निरीक्षक दिनानाथ सबनीस आले. मोठ्या टेबलाभोवती विष्णुपंत, जयदेव, दौलतराव, कोपऱ्यात बकुळा, दाराशी टेकचंद. टेबलावर शॅकलचे दोन तुकडे, खुंटीवरची अखंड शॅकल, आणि बकुळाच्या सहीसाठी आणलेला कोरा राहिलेला कागद. तो मालिनीनेच आणून ठेवला होता.

"साहेब, हे आमचं अंतर्गत..." विष्णुपंत म्हणाले. "देवस्थळीबाई, तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत, हे विसरू नका."

"नाही विसरले," मालिनी म्हणाली. तिने पर्समधून दोन छोट्या बाटल्या आणि पांढरा गाळणकागद काढला. हा प्रयोग तिला आधी करून पाहता आला नव्हता. तुकडे कुलपात होते. "साहेब, हे तुटलेलं तोंड बघा. करडा भाग त्या दिवशी तुटला. पिवळा भाग त्याच्याही आधी फाटलेला होता. ती जुनी भेग आहे. पंत म्हणतात, पिवळा रंग गंजाचा आहे. बघू या."

तिने पट्ट्यावर स्पिरिटचे थेंब टाकले आणि गाळणकागद दाबून धरला. उचलला तेव्हा त्यावर पिवळा डाग होता.

"आता यावर धुण्याचा सोडा, पाण्यात विरघळवलेला. गंज असेल तर काही होणार नाही."

थेंब पडला. पिवळा डाग पाहता पाहता लाल झाला.

कुणी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून बकुळाचा आवाज आला.

"हळद! हळद हाय ती. पिवळ्या कपड्याला साबण लावला की असंच होतं."

"हळदच," मालिनी म्हणाली. "तेलात मिसळलेली हळद बारीक भेगेत आपोआप आत ओढली जाते. पोलादातल्या भेगा शोधायला असाच रंग वापरतात. म्हणजे या शॅकलला हळद लागली तेव्हा ती तडकलेली होती. आता सांगा, दिवाळीनंतर दुकानातून आणलेल्या शॅकलला तेल लावून हळद कुणी लावली?"

सबनीसांनी चष्मा काढला. "खंडेनवमी."

"हो. ही शॅकल खंडेनवमीला इथे पूजेत होती. ही कारखान्याची आहे. आणि आता ही दुसरी." तिने अखंड शॅकल त्यांच्यापुढे सरकवली. "स्टोअरमधल्या प्रत्येक हत्याराच्या सांदीत हळदकुंकू आहे. हिच्यात शोधा. आट्यांत, वाकणीत, कुठेही. पंतांनी मला स्वतः सांगितलं, की एक वस्तू सुटत नाही. मग ही कशी सुटली? कारण ही तेव्हा इथे नव्हतीच. ही टेकचंदशेठच्या दुकानातून मंगळवारी दुपारी आली. किसन गेल्यावर."

"जयदेव खरेदीवर जातो," विष्णुपंत पटकन म्हणाले. "चावी त्यालाही मिळते."

"पंत!" जयदेव उभाच राहिला. "तुम्हीच म्हणालात, किसनने बाहेरून आणली असं सांग म्हणून! मी फक्त बोललो."

"फक्त बोललास," मालिनी म्हणाली. "ते तुझ्याकडे राहू दे. शेठजी, साहेबांना ती खरेदी सांगा."

टेकचंदने सांगितलं. कपाळाला लावल्याचं सांगताना त्याने हातानेच करून दाखवलं. खोलीतल्या प्रत्येकाने ती कृती रोज पाहिलेली होती. कुणीही नाव घेतलं नाही. सगळ्यांच्या माना मात्र एकाच खुर्चीकडे वळल्या.

विष्णुपंतांच्या हातात कपाटाची चावी होती. ती त्यांनी टेबलाखाली नेली.

"किसनने भेग तुम्हाला दाखवली होती," मालिनी म्हणाली. "पूजेच्या आधी हत्यारं तोच पुसत होता. घरी जाऊन म्हणाला, देवाला चालेल, मोटरला चालणार नाही."

"पुरावा काय?" विष्णुपंतांचा आवाज फाटला.

दौलतराव उठले.

"मी होतो तिथं. किसन म्हनला, सायब, ही टाकून द्या, नवी मागवा. तुम्ही म्हनला, पूजेला मांडलेलं हत्यार आज टाकायचं नसतं, दसरा होऊ दे, मग बघू. आनि त्या भेगेवरच बोट ठेवून हळदकुंकू लावलं."

विष्णुपंतांनी सबनीसांकडे पाहिलं.

"विसरलो मी," विष्णुपंत म्हणाले. "देवाशपथ. दसरा, दिवाळी, शटडाउन... राहून गेलं. मंगळवारी दौलतराव नव्हते, मीच न बघता काढून दिली; किसनला वाटलं, बदललेलीच असणार. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखाली माणूस गेला नव्हता हो. मी घाबरलो."

मालिनीने त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाबद्दल वाटणारा सगळा आदर आता संताप झाला होता. तिचा आवाज मात्र नेहमीपेक्षाही हळू होता.

"विसरलात, ते मी समजू शकते, पंत. पण मंगळवारी तुम्हाला आठवलं. किसन मोटरीखाली होता तेव्हा तुम्हाला नेमकं आठवलं, कुठलं दुकान, कुठला माल, कुठली खुंटी. महिनाभर जी शॅकल मिळत नव्हती ती एका दुपारी मिळाली. तो जिवंत असताना आणली असतीत तर नवी शॅकल होती ती. तो मेल्यावर आणलीत, तर काय म्हणायचं तिला?"

सबनीसांनी लोखंडाच्या तिन्ही वस्तू आपल्या बॅगेत घातल्या, मोहोर काढली आणि जबाब लिहून घ्यायला दौलतरावांना जवळ बोलावलं.

बकुळा टेबलापाशी आली होती. गाळणकागदावरचा लाल डाग अजून ओला होता. तिने त्याला बोट लावलं आणि बोटाकडे बघत राहिली. तोच रंग, जो आठवड्यापूर्वी बायकांनी तिच्या कपाळावरून पुसला होता. आणि त्याच रंगाने या लोकांनी एक भेग झाकली होती.

"ताई, माझी सही राह्यली," ती म्हणाली.

मालिनी दचकली. "बकुळा, त्याची आता गरज..."

बकुळाने कंपनीचा तो कागद ओढला, मोकळ्या रेघेवर आपलं लाल बोट आडवं पुसलं आणि कागद विष्णुपंतांपुढे सरकवला.

"घ्या," ती म्हणाली. "लावा कपाळाला."